सुरक्षा-परीक्षण आणि कामगारांचे शिक्षण



शाळेच्या व्यासपीठावरून कारखान्यातील सुरक्षेविषयी बोलणे काहीसे रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु हा विषय मुळात शिक्षणाचाच आहे. पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला. येथील कोणी कापसाच्या जिनिंगमध्ये, कोणी सौंसर परिसरातील मँगनीजच्या खाणीत, तर कोणी बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात काम करतो. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी धडधाकट परत यावा, एवढीच घरच्यांची अपेक्षा असते. ती पुरी होण्यात प्रशिक्षणाचा वाटा कोणता, हे आज पाहावयाचे आहे.

हिशेबाचे जसे लेखापरीक्षण होते, तसेच कामाच्या जागेचे सुरक्षा-परीक्षण होते. भारतीय मानक ब्यूरोने त्यासाठी आयएस १४४८९ हे मानक १९९८ साली प्रसिद्ध केले आणि २०१८ साली ते सुधारले. परीक्षक साधारणतः तीन गोष्टी करतो. तो कागदपत्रे वाचतो, जागा व यंत्रे पाहतो आणि कामगाराशी बोलतो. पहिल्या दोन गोष्टींची तयारी आठ दिवसांत करता येते. तिसरीची येत नाही. ‘आग लागली तर तू प्रथम काय करशील?’ या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापकाच्या कपाटात नसते. ते कामगाराजवळच असावे लागते.

केवळ अहवालाने धोका टळत नाही, याचे दारुण उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याची मे १९८२ मध्ये मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनी पाहणी केली. उपकरणांच्या व सुरक्षा-झडपांच्या देखभालीतील उणिवा त्यांनी नोंदविल्या, तशीच यंत्रचालक वारंवार बदलत असल्याची अडचणही नोंदविली. त्यानंतर अडीच वर्षांनी, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, विषारी वायू सुटून हजारो माणसे प्राणास मुकली. अहवाल लिहिला गेला होता. धोका मात्र गेला नव्हता.

त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा व प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कामगाराला लाभला. पुढे १९४८ चा तो कायदा आणि १९५२ चा खाण कायदा हे दोन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

आता परीक्षणाला उत्तर कसे द्यावे, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. जिनिंगच्या चालू यंत्रात अडकलेला कापूस एक कामगार हाताने काढताना परीक्षकास दिसला. सर्वांना एका खोलीत बसवून तासभर उपदेश करावा, वहीवर सह्या व अंगठे घ्यावेत आणि ‘प्रशिक्षण दिले’ असे कळवावे, हे सोपे उत्तर झाले. पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा मिळतो.

खरे उत्तर ‘हात आत का जातो?’ या प्रश्नापासून सुरू होते. बंद करण्याची कळ लांब आहे काय? फिरत्या भागावरचे झाकण काढून ठेवले आहे काय? यंत्र थांबवले तर मुकादम रागावतो काय? कळ जवळ आणणे व झाकण बसविणे ही मालकाची कामे होत. प्रशिक्षण त्यांची जागा घेऊ शकत नाही. मुकादमाला समज देणे हे वेगळे काम. एवढे केल्यावर शिकविण्याचा भाग उरतो तो असा : यंत्र बंद करावे, मुख्य स्विचला कुलूप लावावे, किल्ली आपल्याच खिशात ठेवावी आणि मगच अडकलेला कापूस काढावा. हे यंत्रापाशी करून दाखवावे व प्रत्येकाकडून करवून घ्यावे. महिन्याने, पूर्वसूचना न देता, पुन्हा पाहावे. जिनिंगचे काम हंगामी असल्याने दर हंगामाच्या आरंभी, ठेकेदाराच्या माणसांसह, हा पाठ नव्याने द्यावा लागतो.

मँगनीजच्या धुळीचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. ती दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन चाल बिघडते, हात कापू लागतात. छिद्र पाडताना पाणी का सोडावयाचे आणि उकाडा असला तरी मुखपट्टी का काढावयाची नाही, हे कारणासह समजले, तरच नियम पाळला जातो.

येथे भाषेचा प्रश्न येतो. १९४८ च्या कायद्यानेही सूचनाफलक इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्यास सांगितले होते. आपल्या भागात दप्तर हिंदीत चालते, यंत्राची पुस्तिका इंग्रजीत असते, आणि कितीतरी कामगारांच्या घरी मराठी किंवा गोंडी बोलली जाते. संकटाच्या क्षणी माणसाला विचार करण्यास अवधी नसतो. तेव्हा उपयोगी पडते ते त्याला समजलेल्या भाषेत शिकलेलेच.

चांगला शिक्षक ‘समजले ना?’ एवढेच विचारून थांबत नाही. विद्यार्थ्याला फळ्यापाशी बोलावून गणित सोडवावयास लावतो. सुरक्षा-प्रशिक्षणाची कसोटीही हीच आहे. या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी जे आज पर्यवेक्षक, अभियंते किंवा उद्योजक असतील, त्यांनी पुढील परीक्षणाची वाट न पाहता उद्याच आपल्या हाताखालच्या एका कामगाराला म्हणावे, ‘बाबा रे, हे यंत्र सुरक्षितपणे कसे बंद करतोस, ते मला करून दाखव.’ त्याला ते जमले नाही, तर शिकविण्याचे काम अजून बाकी आहे असे समजावे.