प्लास्टर मनगटाला, बोटांना नव्हे

आश्विनात सोयाबीनची सोंगणी लागते. ओल्या बांधावर पाय घसरतो, पडताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावातला माणूस मग वाशिम किंवा अकोला गाठतो आणि प्लास्टर घालून घरी येतो. रात्री मात्र बोटं सुजू लागतात आणि घरातले घाबरतात.

मनगटाच्या या मोडीचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी 1814 मध्ये, क्ष-किरणांच्या शोधाच्या 81 वर्षं आधी केलं. हाड मोडलं की आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पहिले दोन-तीन दिवस ही सूज वाढते. तळहाताची कातडी खालच्या थरांना घट्ट चिकटलेली, पंजाच्या पाठीवरची सैल. म्हणून पंजा वरच्या बाजूनं फुगतो. तिथल्याच शिरांतून बरंचसं रक्त परत फिरतं आणि त्याला रेटा मिळतो तो मूठ मिटण्याचा. भीतीपोटी बोटं हलवलीच नाहीत, तर हा पंप मंदावतो, सूज साचते आणि पुढे सांधे आखडतात.

म्हणून पहिले काही दिवस पंजा छातीपेक्षा उंच ठेवा. झोपताना हाताखाली उशा घ्या. झोळीत पंजा कोपराखाली लोंबू देऊ नका. जागेपणी दर तासाला दहादा मूठ पूर्ण मिटा, पूर्ण उघडा. अंगठा प्रत्येक बोटाला टेकवा. खांदाही फिरवा, कोपर मोकळं असेल तर तेही. पडल्याबरोबरच अंगठ्या, बांगड्या काढा. प्लास्टरची कड बोटं मुळापासून वाकू देत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

सूज वाढणार हे धरूनच बरेच डॉक्टर आधी अर्धं, म्हणजे कच्चं प्लास्टर घालतात. तरीही हात उंच ठेवून, गोळी घेऊन ठणका वाढतच गेला, बोट दुसऱ्यानं हळूच सरळ केलं तरी कळ आली, मुंग्या आल्या, बोटं बधिर, गार, निळी किंवा पांढरी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत लाली परतली नाही, तरी दवाखान्याकडे निघा. पण लाली परतली म्हणून बाकीच्या खुणा सोडून देऊ नका. घट्ट आवळल्यानं हात कसा कायमचा वाकडा होतो, हे रिचर्ड फोल्कमान यांनी 1881 मध्येच दाखवलं होतं. प्लास्टर सैल करताना हाड हललं तर पुन्हा बसवता येतं. काही तास रक्ताविना राहिलेला स्नायू परत मिळत नाही.