आठ स्टेशनांची वीस स्टेशनं!

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा ठाण्याहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आला होता. स्वारी यंदा आठवीत आहे. किल्ला झाला, चकल्यांचा डबा रिकामा झाला, आणि मग साहेब जे संगणकापुढे बसले ते उठेचनात. सध्या तो पायथॉन शिकतोय. पायथॉन म्हणजे अजगर नव्हे बरं का मुलांनो! संगणकाला कामं सांगायची ती एक भाषा आहे. तिचं नावही अजगरावरून पडलेलं नाही. 'मॉन्टी पायथॉन' नावाची ब्रिटिश विनोदवीरांची एक मंडळी होती, तिच्यावरून ते घेतलंय.

"मावशी, तू मुलांचे निबंध तपासतेस ना? शब्द मोजायचा प्रोग्रॅम करून देतो तुला," तो म्हणाला.

मला काय, हवंच होतं. चौथीच्या वर्गाचे निबंध तपासून माझे डोळे दुखतात. त्यानं प्रोग्रॅम लिहिला आणि परीक्षा म्हणून आपल्या लोकलची स्टेशनं टाकली : ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. बोटांवर मोजा. आठ. संगणक म्हणाला, वीस!

भाच्याचा चेहरा पडला. मग त्यानं संगणकाला ते वीस 'शब्द' दाखवायला सांगितले. पडद्यावर उमटलं : ठ, ण, कळव, म, ब, र, द, व, क, पर, ड, ब, वल... ठाण्याचे दोन तुकडे, डोंबिवलीचे तीन, आणि बिचाऱ्या ठाकुर्लीचे तर चार! एकटा कळवा काय तो एका तुकड्यात उतरला, पण त्याचाही काना गळून 'कळव' झालं. जणू संगणकच सांगत होता, बाई, चूक कुठं आहे ते कुणाला तरी कळव!

मी नीट पाहिलं. काना गेला, वेलांटी गेली, उकार गेला, अनुस्वार गेला, जोडाक्षरातला हलन्तही गेला. पहिलीतल्या मुलानं असं लिहिलं तर मी वहीत लाल गोल करते. इथं गोल कुणाच्या वहीत करायचा?

त्याचं असं आहे. मजकुरातून स्वल्पविराम, पूर्णविराम वगळून फक्त शब्द उचलण्यासाठी पायथॉनमध्ये एक छोटी खूण आहे, उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे डब्ल्यू. तिचा अर्थ 'शब्दात चालणारं अक्षर'. कोणती अक्षरं चालतात? वर्ण चालतात, अंक चालतात आणि खालची रेघ चालते. इंग्रजीत हे झकास जमतं, कारण तिथं ए, ई, आय हे स्वरही स्वतंत्र वर्णच असतात. आपल्याकडे 'ठ' हा वर्ण आणि 'ा' ही त्याला चिकटणारी खूण. जगातल्या लिप्यांची यादी ठेवणाऱ्या 'युनिकोड' या व्यवस्थेतही 'ठ'ची नोंद वर्णांत आणि कान्याची नोंद चिन्हांत आहे. पायथॉन वर्ण उचलतो आणि काना दिसला की शब्द संपला असं समजतो.

मग भाच्यानं आणखी एक गंमत दाखवली. 'ठाणे' या शब्दाची लांबी किती? आपण म्हणू दोन अक्षरं. आजचा पायथॉन म्हणतो चार, कारण तो ठ, काना, ण आणि मात्रा वेगवेगळे मोजतो. आणि जुना पायथॉन २ चक्क बारा सांगायचा! संगणकात मराठीच्या अशा प्रत्येक खुणेला साधारण तीन खण लागतात, आणि तो खण मोजत बसायचा. बारावरून चारावर यायलाही किती वर्षं गेली ते पुढे सांगते.

"मग ही चूक कुणी सांगितली नाही का कुणाला?" मी विचारलं.

पायथॉन हा 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे त्याच्या आतलं सगळं लिखाण कुणालाही वाचता येतं, त्यात दुरुस्ती सुचवता येते. नेदरलँड्समधल्या खिडो फान रोसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ते काम सुरू केलं आणि १९९१ साली ती भाषा सर्वांना खुली केली. (पाहा, सुट्टीत काय काय होतं!) तेव्हापासून देशोदेशींचे लोक तिच्यात भर घालत आलेत. आपल्याकडेही. पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेलं 'मायावी' नावाचं साधन पायथॉनमधून त्रिमित चित्रं काढून देतं. २०११ साली 'पायकॉन इंडिया' हे पायथॉनवाल्यांचं संमेलन पुण्यात भरलं होतं.

तक्रारींचंही एक उघडं दप्तर असतं. मात्र "पायथॉन चालत नाही" एवढं लिहून भागत नाही. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पायथॉन कितवा, सगळं लिहावं लागतं. आमच्या वर्गात रोज चार तक्रारी येतात, "बाई, यानं मला मारलं!" आधी काय झालं होतं, ते कुणीच सांगत नाही. त्यांना हे दप्तर दाखवायला हवं.

भाच्यानं ते दप्तर चाळलं. आणि सापडलं! देवनागरी मजकुरात शब्द शोधताना त्यांचे तुकडे पडतात, चिन्हांनाही शब्दात धरा, अशी तक्रार कुणीतरी २००७ सालीच नोंदवलेली. २०११ मध्ये पर्ल या दुसऱ्या भाषेतल्या एका जाणकारानंही हाच मुद्दा मांडला होता.

"२००७? तेव्हा तर माझा जन्मही झाला नव्हता!" तो थोडा खट्टूच झाला. शोध आपण लावला असं त्याला वाटलं होतं ना!

मग इतकी वर्षं दुरुस्ती का नाही? मलाही आधी रागच आला. पण दुसरी बाजू ऐका. ती खूण जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅममध्ये वापरलेली आहे. उद्या तिचा अर्थ बदलला, तर काल बरोबर चालणारे काही प्रोग्रॅम वेगळी उत्तरं देऊ लागतील, आणि तेही गुपचूप. शिवाय, ही खूण काय उचलते ते पायथॉनच्या माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मग तिला चूक म्हणायचं की रीत?

मोठ्यांना आठवत असेल, २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असंही वाचायला दिलं होतं. जोडअंक मुलांना सोपे जावेत हा हेतू. पण केवढा गदारोळ झाला! पुस्तक करणाऱ्यांचं म्हणणं, मूल अडखळतं. पालकांचं म्हणणं, मग बाजारात, घरात, आजोबांशी बोलताना काय म्हणायचं? वर्गात शिकवणारी म्हणून सांगते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

पायथॉनवाल्यांनी एकदा मोठा बदल केला आणि त्यांना चांगलाच धडा मिळाला. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आला. जगातल्या सगळ्या लिप्या नीट हाताळायच्या, म्हणून मजकूर साठवायची पद्धतच बदलली. बारावरून चारावर आलो ते इथं. पण जुने प्रोग्रॅम नव्यात जसेच्या तसे चालेनात. 'प्रिंट' या साध्या आज्ञेलासुद्धा कंस लागू लागला. लोक जुन्यालाच चिकटून बसले. पायथॉन २ ची देखभाल २०१५ मध्ये थांबवायची होती, ती मुदत वाढवत १ जानेवारी २०२० वर न्यावी लागली. अकरा वर्षं दोन पायथॉन शेजारी शेजारी नांदत होते!

साध्या दोन चिन्हांवरूनही भांडणं होतात. २०१८ मध्ये अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह जोडून केलेल्या एका नव्या खुणेवर एवढा वाद झाला, की खिडो यांनी ती खूण मंजूर केली खरी, पण त्या जुलैत प्रमुखपदच सोडून दिलं. ती खूण वॉलरसच्या डोळ्यांसारखी आणि सुळ्यांसारखी दिसते, म्हणून तिला 'वॉलरस'च म्हणतात. आता पाच जणांची निवडलेली समिती असते आणि दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती निघते. पण नव्या कल्पना त्याआधी मे महिन्यातच बंद! पुढे फक्त चुका दुरुस्त करायच्या. आमच्या स्नेहसंमेलनात रंगीत तालमीच्या दिवशी नवा नाच घेऊन येणाऱ्यांना हा नियम लावला पाहिजे.

मला मात्र एक गोष्ट खटकते. त्याच २००७ साली आणखी एका प्रस्तावावर वाद झाला होता : प्रोग्रॅममधली नावं इंग्रजीखेरीज इतर लिप्यांत लिहू द्यावीत का? विरोधकांचं म्हणणं, ती इतर देशांतल्यांना वाचता येणार नाहीत. बाजूनं म्हणणं, जगातल्या सगळ्यांनाच काही इंग्रजी येत नाही. प्रस्ताव मंजूर झाला. म्हणून पायथॉन ३ मध्ये एखाद्या रकमेला 'खाऊचे_पैसे' असं नाव देता येतं, काना-मात्रांसकट! म्हणजे नाव ठेवताना काना शब्दात धरायचा आणि शब्द शोधताना धरायचा नाही. एकाच घरात दोन नियम. जुने प्रोग्रॅम मोडण्याची भीती मला पटते, पण ही विसंगती काही पटत नाही. निदान देवनागरीसाठी वेगळी खूण तरी द्यावी असं माझं मत. भाच्याचं मत, वेगळी कशाला, आहे तीच सुधारा. जेवताना आमचा यावर पुन्हा वाद झाला.

तोवर त्यानं वाट काढलीच. शब्द शोधण्यासाठी कुणी एकानं वेगळी, सुधारलेली जोडणी लिहून सर्वांना खुली केलेली आहे. ती पायथॉनबरोबर येत नाही, निराळी घ्यावी लागते. तिच्यात काना-मात्रा शब्दातच धरतात. ती बसवली आणि आठची आठ स्टेशनं जागच्या जागी आली.

आता मात्र जुन्याच खुणेनं स्टेशनं कापायचा त्याला नाद लागलाय. बदलापूरमधून 'बदल' निघतं आणि पुढे प, र उरतात. विठ्ठलवाडीचे चार तुकडे होतात. पण कल्याणहून मुंबईकडे जाताना, दादरच्या पुढे, एक स्टेशन असं आहे की त्याचा एकही तुकडा पडत नाही आणि काही गळतही नाही. कोणतं ते शोधा पाहू!