भंडाऱ्याचे पितळ, बारामतीचे पटेल
भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची चकाकी आपण कौतुकाने पाहतो. पोलादी पत्रे कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरला मात्र ती नडते. हा लेसर चंद्र कुमार नारणभाई पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. जन्म बारामतीचा, १९३८ चा. अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. त्या वेळचे वायू-लेसर अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या उड्यांवर चालत आणि क्षीण असत. पटेलांनी रेणूंची कंपने वापरली. विजेने कंपित झालेला नायट्रोजन टकरीत आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतो, कारण दोघांच्या त्या ऊर्जापातळ्या जवळजवळ सारख्या आहेत. आम्हांला खरी कमाल या जोडीची वाटते! निघणारा १०.६ मायक्रॉनचा अवरक्त झोत डोळ्यांना दिसत नाही. पितळातील मुक्त इलेक्ट्रॉन त्यातला बराचसा परतवतात. उलटलेला झोत यंत्राच्याच भिंगाला इजा करू शकतो.