जमिनीपेक्षा जुनी फरशी

सोलापुरात घराचा पाया खणला की काही फुटांवर काळा पाषाण लागतो. लाव्हारस थिजून झालेला हा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यावर घर उभं राहतं, घरात शहाबादी फरशी बसते आणि हिशेब उलटा होतो. ही फरशी किमान ५४ कोटी वर्षांपूर्वीची. तिचं नेमकं वय किती, यावर भूशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

सोलापूरहून वाडीकडे जाताना कलबुर्गीनंतर कागिणाकाठी शहाबाद लागतं. या बाजूला बेसॉल्टचं पांघरूण सरतं आणि खालची चुनखडी उघडी पडते. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये या खडकांना नाव दिलं ते आपल्या भीमेचंच. उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर बसला, मधूनमधून चिकणमातीचे पातळ पापुद्रे आले. त्या फटीत पहार घालून नेट लावला की अख्खी लादी सुटते. म्हणून तर ती इतकी स्वस्त! चुनखडीच ती, तिला आंबट सोसत नाही. ओट्यावर लिंबू पिळताना थेंब सांडला की बारीक फेस येतो आणि पांढुरका डाग कायमचा राहतो.

फरशीत शंखशिंपले मात्र शोधू नयेत. ऑर्डोव्हिशियन काळातल्या, म्हणजे सुमारे ४८ ते ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत ट्रायलोबाइट, ब्रॅकिओपॉड, प्रवाळ सापडतात. आपल्याकडे त्यासाठी हिमाचलातलं स्पिती गाठावं लागतं. शहाबादचा गाळ साचला तेव्हा समुद्रात कवचवाले प्राणी नव्हतेच. हा चुना पाण्यातूनच निवळला, त्याला सूक्ष्मजीवांचा हातभार लागला.

तरी जीव अगदीच नव्हते असं नाही. याच भीमा गटातल्या हलकलच्या शेलमध्ये, म्हणजे चिकणमातीच्या थरांच्या खडकात, चुआरिया आणि तवुइया हे जीवाश्म मिळाले आहेत. चुआरिया म्हणजे जेमतेम काही मिलिमीटरची, कार्बनची काळी गोल टिकली, तवुइया लांबट. अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमधल्या अशाच टिकलीला भूशास्त्रज्ञ वॉलकॉटने १८९९ मध्ये चुआरिया नाव दिलं होतं. डायनासोरच्या हाडांपुढे हे दिसायला किरकोळ, पण मला त्यांचं अप्रूप जास्त.

खाणीत परवानगीशिवाय उतरू नये. दगडच पाहायचा तर त्याच पट्ट्यातलं मळखेड बरं. राष्ट्रकूटांच्या या राजधानीतल्या किल्ल्याच्या भिंतींतही हाच दगड आहे.