चाकाचा आऊट

मांजरा नदी बिलोली तालुक्याच्या कडेने महाराष्ट्र-तेलंगणाची हद्द आखत गोदावरीकडे जाते. येसगी, सगरोळीच्या बाजूने तिची वाळू भरून निघालेले हायवा इथल्या रस्त्यांच्या कडा खातात. त्यात खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. कोर्ट, तहसील, बाजार अशा सगळ्या कामांना माणसं याच रस्त्यांनी दुचाकीवर येतात, मागे एकजण आणि पुढे टाकीवर खताचं पोतं. पुढचं चाक खड्ड्यात आदळतं, रिमची कड आत जाते, आणि थोड्या दिवसांनी गाडीवाला गॅरेजात येऊन सांगतो, "पन्नासच्या पुढं गेलं की हँडल थरथर करायलंय."

या एका वाक्यात निम्मं निदान असतं. किती वेगाला, आणि कुठे? थरथर हँडलला जाणवली तर बहुधा पुढचं चाक, सीटला आणि पायाखाली जाणवली तर मागचं. त्याच वेगात क्लच दाबून पाहायचा. थरथर थांबली तर इंजिन किंवा चेन तपासा, राहिली तर चाकाकडे वळा. या तपासणीला एक रुपया लागत नाही, तरी ती क्वचितच होते. उलट आधी हँडलचा कोनसेट बदलला जातो, मग टायर, आणि आजार तसाच राहतो. दुचाकीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो इथे, असं माझं ठाम मत आहे.

ठरावीक वेगालाच का थरथरतं? 2.75-18 मापाच्या टायरचं चाक एका फेऱ्यात साधारण अठराशे ते एकोणीसशे मिलिमीटर अंतर कापतं. म्हणजे ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला जवळजवळ 9 फेरे मारतं. रिमच्या एका बाजूला फक्त 20 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते सुमारे दीड किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतं. ताशी 30 ला हाच जोर चौथाईवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शिवाय मोटारसायकलच्या पुढच्या भागाची डोलण्याची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा. चाकाचे फेरे त्या लयीला गाठतात तेव्हा बारीक दोषही हातात येतो. कोनसेट ढिला असेल तर तो आणखी वाढतो.

म्हणून जाणता मिस्त्री आधी चाक धुतो. रिमच्या आत वाळलेला काळ्या मातीचा थर हाच कधी कधी सगळा दोष असतो. मग हवा मोजतो. मग गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलतो, शॉकअपची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवतो. खट् वाजलं तर कोनसेट ढिला. हँडल हळू वळवताना मधोमध अडखळलं तर त्याच्या गोळ्यांनी खड्डे पाडलेत. मागच्या चाकासाठी ते धरणाऱ्या चिमट्याचे बुश आणि चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पाहायच्या. टायरच्या कडेवर, रिमला लागून एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेलाच नाही. हवा काढायची, कडेला साबणाचं पाणी लावायचं आणि पुन्हा भरायची.

खरी कारागिरी मात्र आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढण्यात आहे. चाक फिरवून रिमजवळ खिळा किंवा पाना टेकवून धरायचा. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 2 मिलिमीटर दिलेली असते, बाजूला डुलण्याची आणि वर-खाली होण्याचीही. रिम डावीकडे गेली असेल तर त्या जागचे हबच्या उजव्या बाजूचे स्पोक थोडे आवळायचे आणि डावीकडचे तेवढेच सैल करायचे. एका वेळी पाव ते अर्धा फेरा, जास्त नाही. जिथे रिम बाहेर फुगली आहे तिथे दोन्ही बाजूंचे आवळले की ती हबकडे ओढली जाते. एक आऊट काढताना दुसरा तयार होतो, म्हणून पुन्हा फिरवायचं, पुन्हा पाहायचं. प्रत्येक स्पोकवर पान्याने टकटक केली तर ताणलेला खणखणीत वाजतो, ढिला बद्द वाजतो. कान तयार झालेला माणूस न पाहताच ढिले स्पोक शोधतो. आवळल्यावर निप्पलच्या बाहेर आलेली टोकं आतून घासलीच पाहिजेत, नाहीतर ट्यूब फुटते.

आऊट निघाल्यावर बॅलन्स. कारच्या चाकांसारखं मशिन दुचाकीला लागतंच असं नाही. चाक अरुंद असल्यामुळे एका एक्सलवर काम भागतं. ब्रेक प्लेट काढायची, बेअरिंग मोकळी आहे ना पाहायचं आणि चाक हलकेच सोडायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर, वरच्या स्पोकला थोडं वजन लावायचं, आणि चाक कोणत्याही जागी सोडलं तरी तिथेच थांबेपर्यंत ते कमी-जास्त करायचं. नव्या टायरवर हलक्या बाजूची रंगीत टिकली असेल तर ती व्हॉल्व्हपाशी ठेवावी, कारण व्हॉल्व्हची बाजू सहसा जड असते.

ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरविरोधी द्रव भरण्याची रीत वाढली आहे. गाडी रात्रभर उभी राहिली की तो तळाशी साचतो आणि सकाळी सुरुवातीला चाक हेलकावे खातं. त्यासाठी वजन लावत बसू नये. अलॉय चाकाला मात्र स्पोकची चावी चालत नाही. गरम करून, दाबून ते सरळ करतात आणि किरकोळ वाकलेलं सुधारतंही. पण तडा दिसला तर वेल्डिंग करून ते पुढे परत बसवणं म्हणजे मागे बसलेल्या माणसाचा जीव पणाला लावणं आहे. ते बदलायचंच.

चाक बसवल्यावर ज्या वेगाला तक्रार होती त्याच वेगाला गाडी चालवून पाहायची, आधी एकट्याने, मग मागे माणूस बसवून. ओझ्याने मागचं खाली बसतं, पुढचं चाक हलकं होतं, आणि दडलेली थरथर तेव्हाच वर येते.