सांतो दोमिंगोची मेट्रो रेल्वे : एका मार्गाची घडण

ओसामा नदीच्या मुखाशी पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेले सांतो दोमिंगो हे नगर, युरोपीयांनी अमेरिका खंडात स्थापिलेल्या व आजतागायत नांदत्या असलेल्या वसाहतींत सर्वांत प्राचीन गणले जाते. दोमिनिकन प्रजासत्ताकाच्या या राजधानीत पहिली मेट्रो गाडी प्रवाशांसाठी रीतसर धावू लागली ती ३० जानेवारी २००९ रोजी. कॅरिबियन बेटांवर यापूर्वी केवळ प्वेर्तो रिकोतील सान हुआन येथे अशी रेल्वे होती. परंतु तेथे अपेक्षेइतके प्रवासी कधीच लाभले नाहीत. सांतो दोमिंगोत मात्र गाड्या भरून वाहू लागल्या. हा भेद कशामुळे पडला, आणि इतके यश लाभूनही ज्या हेतूने ही रेल्वे बांधली तो अपुरा का राहिला, हे पाहणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नगरात खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे आले. ते वसले मुख्यत्वेकरून इसाबेला नदीच्या उत्तरेस आणि ओसामाच्या पूर्वेस. कचेऱ्या, विद्यापीठ, रुग्णालये व व्यापारी पेढ्या मात्र दक्षिणेकडील जुन्या भागातच राहिल्या. परिणामी रोज सकाळी लाखो माणसांना मोजक्या पुलांवरून नदी ओलांडावी लागे. २००१ साली कायद्याने महानगराची विभागणी होऊन मध्यवर्ती राष्ट्रीय जिल्हा व त्याभोवतीच्या नगरपालिका वेगळ्या झाल्या, आणि राहण्याचे ठिकाण व कामाचे ठिकाण यांतील अंतर शासकीय नकाशावरही उमटले.

ही ने-आण कोण करीत असे? शासकीय बससेवा होती. १९९७ साली तिच्यासाठी स्वतंत्र कार्यालयही स्थापन झाले. पण नगराचा खरा भार वाहिला तो ‘कोंचो’ नावाच्या जुन्या मोटारगाड्यांनी व लहान बसगाड्यांनी. कोंचोची रीत अशी की, चालकाशेजारी दोन आणि मागे चार असे सहा उतारू बसवून ठरावीक रस्त्यावरून गाडी पुढेमागे हाकावयाची. आपल्याकडील ‘वडाप’ ज्याने पाहिले आहे त्याला अधिक विवरणाची गरज नाही. मात्र तेथील चालक-मालकांच्या संघटना अत्यंत प्रबळ. कोणत्या रस्त्यावर कोणाची गाडी चालावी हे व्यवहारतः त्याच ठरवीत, आणि भाडेवाढीसाठी किंवा इंधनाच्या दरासाठी संप पुकारून नगर ठप्प करण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी होते. या संघटनांना दुर्जन ठरविण्याचे कारण नाही. शासनाने जी जबाबदारी टाकून दिली होती ती त्यांनी उचलली, एवढेच. पण एकदा उचललेली वस्तू कोणी सहजासहजी परत देत नाही.

राष्ट्राध्यक्ष लिओनेल फेर्नांदेस यांनी २००५ मध्ये ‘वाहतूक पुनर्रचना कार्यालय’ स्थापन करून मेट्रोचे काम त्याच्याकडे सोपविले, ते या पार्श्वभूमीवर. कार्यालयाच्या नावातच पुनर्रचनेचा शब्द होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस खोदकामास आरंभ झाला. विरोधकांचे म्हणणे असे की, एवढ्या खर्चाच्या कामाची पुरेशी छाननी व चर्चा झाली नाही. आणि १९९७ च्या शिक्षणविषयक कायद्याने राष्ट्रीय उत्पन्नाचा चार टक्के भाग शिक्षणासाठी राखण्याचे बंधन घातले असता, ते न पाळणाऱ्या शासनाने भुयारे खणावीत हे शोभत नाही. हा आक्षेप वावगा नव्हता. ते चार टक्के प्रत्यक्षात अंदाजपत्रकात आले २०१३ साली, फेर्नांदेस पदावरून गेल्यानंतर. उलटपक्षी, सर्वांची संमती मिळेपर्यंत थांबावयाचे ठरले असते तर एकही रूळ पडला नसता, असे समर्थक म्हणत. आणि संघटनांचे बळ पाहता तेही खोटे म्हणता येत नाही. २७ फेब्रुवारी २००८ या स्वातंत्र्यदिनी राष्ट्राध्यक्षांनी प्रायोगिक गाडीतून प्रवास केला, मे महिन्यात ते निवडणूक पुन्हा जिंकले, आणि नियमित वाहतूक सुरू झाली पुढील वर्षी. हा क्रम पुरेसा बोलका आहे.

पहिला मार्ग सुमारे साडेचौदा किलोमीटर लांबीचा असून त्यावर १६ स्थानके आहेत. उत्तरेकडील बिया मेया या वस्तीत तो खांबांवरून जातो, इसाबेला ओलांडतो, आणि पुढे माक्सिमो गोमेस या हमरस्त्याखालून प्रवाळजन्य चुनखडकात शिरून समुद्राकडे येतो. आल्स्टोम कंपनीने पुरविलेल्या गाड्या बार्सिलोनाच्या मेट्रोतील गाड्यांच्या जातीच्या आहेत. यशाचे मर्म यंत्रसामग्रीपेक्षा आखणीत अधिक आहे. दाट व गरीब वस्तीतील माणसाला थेट विद्यापीठाच्या व संसदेच्या दारात नेणारी ही रेषा, जेथे गर्दी आधीपासून होती तेथेच ओढलेली आहे.

या रेषेवरील स्थानकांची नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. उत्तर टोकाचे स्थानक मामा तिंगो यांच्या नावाचे. जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या या शेतकरी स्त्रीची १९७४ मध्ये हत्या झाली. पुढे हुकूमशहा त्रुहियोच्या राजवटीत १९६० साली मारल्या गेलेल्या मिराबाल भगिनी येतात. नंतर १९६१ च्या त्रुहियो-वधाच्या कटातील पेद्रो लिव्हियो सेदेन्यो, आणि त्यांच्या लगतचे स्थानक त्याच त्रुहियोच्या राजवटीचे वैचारिक समर्थक पेन्या बात्ये यांचे! (येथे आडव्या रस्त्यांची जुनी नावे स्थानकांना लाभली आहेत, हे मान्य केले पाहिजे.) दक्षिणेस १९६३ मध्ये सात महिन्यांत पदच्युत झालेले हुआन बॉश भेटतात, गायिका कासांद्रा दामिरोन यांचे स्थानक मागे पडताच होआकिन बालागेर. त्यापुढे आमिन आबेल. हा अभियांत्रिकी शिकलेला विद्यार्थी-नेता १९७० साली बालागेर यांच्याच कारकिर्दीत पोलिसांकडून मारला गेला. त्याचे स्थानक तो जेथे शिकला त्या विद्यापीठापाशी आहे. नंतरचे कामान्यो हे १९६५ च्या उठावाचे नेते; तेही १९७३ मध्ये बालागेर यांच्या सैन्याकडून मारले गेले. फेर्नांदेस हे बॉश यांनी स्थापिलेल्या पक्षाचे, आणि १९९६ मध्ये बालागेर यांच्या पाठिंब्याने प्रथम निवडून आलेले. त्या निवडणुकीत त्यांनी ज्यांना हरविले त्या पेन्या गोमेस यांचेही स्थानक याच मार्गावर आहे. मारणारा व मारला गेलेला यांना एका रुळावर बसविणारी ही समेटाची कल्पना उदार म्हणावी की सोयीची, यावर मतभेद राहतील. मला ती सोयीची वाटते. ज्या एकहाती इच्छेने मार्ग आखला, तिनेच ही नावेही एका ओळीत मांडली.

पूर्व-पश्चिम जाणारा दुसरा मार्ग १ एप्रिल २०१३ रोजी खुला झाला व हुआन पाब्लो दुआर्ते स्थानकावर पहिल्यास मिळाला. तो ओसामापलीकडे पोचला २०१८ मध्ये. पलीकडील चारही स्थानके स्त्रियांच्या नावांची आहेत. त्यांत देशाचा पहिला ध्वज शिवण्याशी जिचे नाव निगडित आहे ती कोन्सेप्सिओन बोना शेवटची. त्याच वर्षी नदीकाठच्या डोंगरउताराच्या वस्त्यांसाठी तारेवरील पाळण्यांचा मार्गही मेट्रोला जोडण्यात आला.

पुनर्रचना मात्र रुळांच्या मागून, फार सावकाश आली. मेट्रोच्या रेषेपासून दूर राहणाऱ्यास स्थानकापर्यंत येण्यासाठी कोंचोच धरावा लागे, आणि तेथे पूर्वीचीच सत्ता होती. वाहतुकीचे एकत्रित नियमन करणारी संस्था कायद्याने निर्माण झाली २०१७ साली, म्हणजे पहिल्या गाडीनंतर आठ वर्षांनी. आणि काही हमरस्त्यांवरील कोंचोंच्या जागी संघटनांच्याच सहभागाने बसगाड्या आणण्याचे काम त्याहीनंतरचे आहे. हे काम वाटाघाटींनी झाले, हुकमाने नव्हे. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर वीज गेली तेव्हा मेट्रो थांबली आणि उतारूंना गाड्यांतून बाहेर काढावे लागले.