कवठ (वृक्ष)

कवठ हा लिंबाच्या, म्हणजे रूटेसी कुळातील काटेरी पानझडी वृक्ष आहे. त्याचे शास्त्रीय नाव लिमोनिया ॲसिडिसिमा असून जुन्या ग्रंथांत फेरोनिया लिमोनिया आणि फेरोनिया एलेफंटम ही नावे आढळतात. संस्कृतात त्याला कपित्थ, हिंदीत कैथ किंवा कबीट, गुजरातीत कोठ आणि सिंहलीत दिवुल म्हणतात. इंग्रजी नावाचा अर्थ ‘लाकडी सफरचंद’ असा होतो. मात्र सफरचंद गुलाबाच्या कुळातील आहे आणि कवठाचे खरे भाऊबंद लिंबू, संत्रे व बेल हे आहेत. पाने चुरगळल्यावर येणाऱ्या वासावरूनही हे नाते ओळखू येते. हा वृक्ष मूळचा भारत व श्रीलंका या प्रदेशांतील आहे.

वर्णन

वृक्ष साधारण ९ ते १० मीटर उंच वाढतो. साल खरबरीत आणि फांद्यांवर सरळ, तीक्ष्ण काटे असतात. पान संयुक्त असून त्यात बहुधा ५ ते ७ पर्णिका असतात. बेलाचे पान त्रिदल असल्यामुळे फळे नसतानाही दोन्ही झाडे वेगळी ओळखता येतात. फळ गोल, ५ ते ९ सेंमी. व्यासाचे, पांढुरक्या खरबरीत कवचाचे असते. आतील गर तपकिरी, चिकट, आंबटगोड व तीव्र वासाचा असून त्यात पुष्कळ बारीक बिया असतात. खोडातून मिळणारा डिंक बाभळीच्या डिंकासारखा वापरता येतो.

वऱ्हाडातील महत्त्व

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा आहे, तर दक्षिणेकडील भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. पायथ्याच्या बाजूस गोड्या पाण्यावर संत्र्याच्या बागा उभ्या राहतात. खारपाणपट्ट्यात भूजल खारे, जमीन भारी, चिकण आणि निचरा कमी. त्यामुळे विहीर असूनही शेती बहुतांशी पावसावरच चालते. संत्र्याचाच हा सगोत्र मात्र उन्हाळा, पाण्याची ओढ आणि काही प्रमाणात क्षारताही सहन करतो.

असे असूनही कवठाची बाग क्वचितच दिसते. झाड असते ते बांधावर, ओढ्याकाठी किंवा देवळाजवळ, बहुधा आपोआप उगवलेले. याचे मुख्य कारण काळ हे आहे. बियांपासून वाढलेल्या झाडाला फळे धरण्यास १५ वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. कर्ज काढून पेरणी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला इतकी वाट पाहणे परवडणारे नाही. सर्वांनी खाल्लेले आणि कोणी न लावलेले हे फळझाड त्यामुळेच ‘रानटी’ राहिले आहे. बांधावरचे जुने झाड तुटले की त्या गोडीचे फळही जाते. कारण बियांपासूनची रोपे मातृवृक्षासारखी निघतीलच असे नसते.

लागवड

यावर उपाय कलमाचा आहे. पक्व फळातील बिया गर धुऊन लगेच पेरल्यास दोन-तीन आठवड्यांत उगवतात. रोपे सुरुवातीला सावकाश वाढतात. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की गोड, मोठ्या फळांच्या निवडक झाडाचा डोळा किंवा कोवळी काडी त्यांवर बांधतात. कलमी झाड आटोपशीर राहते व बियांच्या झाडापेक्षा पुष्कळ लवकर फळते. गुटी आणि मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात.

दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर ठेवून पावसाळ्याच्या आरंभी लागवड करतात. खारपाणपट्ट्यात खरी अडचण साचलेल्या पाण्याची असते. म्हणून रोप खोलगट आळ्यात न लावता उंचवट्यावर लावावे व चर काढून पाण्याला वाट द्यावी. खड्ड्यातील मातीत शेणखत आणि जमीन चोपण असल्यास माती परीक्षणानुसार जिप्सम मिसळतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात शक्यतो साठवलेल्या पावसाचे पाणी द्यावे. शेळ्यांपासून बचावासाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरते. लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या कवठाचीही कोवळी पालवी फस्त करतात. रोपे थोडी असल्यास त्या हाताने वेचता येतात.

फळे व उपयोग

फळे साधारण हिवाळ्यात पक्व होऊ लागतात. पक्वता रंगावरून कळत नाही. फळ हातभर उंचीवरून कठीण जमिनीवर टाकतात. कच्चे असेल तर ते उसळते, पिकलेले उसळत नाही. उतरवलेली फळे काही दिवस उन्हात ठेवून पिकवतात.

महाशिवरात्रीच्या सुमारास बाजारात कवठे येतात. गूळ, तिखट, मीठ व जिरे घालून त्यांची चटणी करतात. बर्फी आणि पन्हेही होते. गरात पेक्टिन भरपूर असल्याने जेली चांगली जमते. कच्चे फळ तुरट असून आयुर्वेदात अतिसारावर सांगितले आहे. हत्तीने गिळलेले कवठ बाहेर पडते तेव्हा कवच अखंड पण आत पोकळ असते, या समजुतीवरून संस्कृतात ‘गजभुक्तकपित्थन्याय’ रूढ झाला. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ आणि पुणे जिल्ह्यातील कवठे यमाई या गावांच्या नावांतही हा वृक्ष दिसतो. वाळलेल्या कवचाच्या पूर्वी तपकिरीच्या डब्या करीत.